वाळू गेली, पाणी गेलं: एका पुराव्याचा इतिहास

नदीतून वाळू उपसली की काठच्या विहिरींचं पाणी खाली जातं. हे वाक्य तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल, ग्रामसभेत ऐकलं असेल, आणि पदव्युत्तर परीक्षेत पाच मार्कांसाठी लिहिलंही असेल. वाक्य बरोबर आहे. पण समजा उद्या एखाद्या गावाने तुम्हाला सांगितलं, "आमच्या विहिरीचं पाणी या उपशामुळेच गेलं, असं लिहून द्या," तर तुम्ही काय लिहून द्याल? समोरचा वकील लगेच विचारेल: पाऊस कमी झाला नव्हता कशावरून? गावात बोअर किती वाढले? ऊस किती वाढला? वरच्या बाजूला धरण नाही का?

पीएचडीसाठी विषय शोधणारे बरेच जण मला विचारतात, "वाळू उपशाचे भूजलावरील परिणाम" हा विषय घेऊ का? जरूर घ्या. पण प्रस्ताव लिहायच्या आधी हा संबंध आजवर कोणी, कुठे आणि कशाच्या जोरावर दाखवला ते बघा. मी हा इतिहास वाचायला घेतला तेव्हा एक गोष्ट सारखी समोर येत राहिली. ज्यांना हे दाखवता आलं त्यांनी बहुतेक वेळा स्वतः फार मोजलेलं नव्हतं. त्यांच्या हाताशी दुसऱ्याच कोणीतरी, दुसऱ्याच कामासाठी, कित्येक वर्षं आधी घेऊन ठेवलेली मोजमापं होती.

सोन्याच्या खाणी आणि गिल्बर्टची वही

सुरुवात वाळू काढण्यापासून होत नाही, नदीत वाळू टाकण्यापासून होते. ठिकाण कॅलिफोर्निया. १८५३ मध्ये नेवाडा सिटीजवळ एडवर्ड मॅटेसन नावाच्या खाणकामगाराने डोंगरउतारावर जोरदार पाण्याचा फवारा मारून सोनं असलेली माती सैल करायची युक्ती काढली. यालाच पुढे हायड्रॉलिक मायनिंग म्हणू लागले. तीस वर्षं हे चाललं. डोंगरच्या डोंगर धुऊन निघाले, सोनं वेगळं केलं गेलं, आणि उरलेला सगळा दगडगोटा, वाळू, गाळ यूबा, बेअर, अमेरिकन, फेदर या नद्यांमध्ये गेला. यूबा नदीचा तळ इतका वर आला की मेरिसव्हिल गावाचे रस्ते नदीपेक्षा खाली गेले. पूर आला की शेतांवर गाळाचे थर. शेवटी तिथल्या एका मालमत्ताधारकाने खटला भरला आणि जानेवारी १८८४ मध्ये न्यायाधीश लोरेंझो सॉयर यांनी खाणीचा गाळ नद्यांत सोडायला मनाई केली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण खाणवाल्यांना धंदा परत सुरू करायचा होता. १९०४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या खाणमालकांच्या संघटनेने थेट राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्याकडे मागणी केली की अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाने या प्रश्नाचा अभ्यास करावा. म्हणजे बघा, गाळाच्या हिशेबाचा पहिला मोठा अभ्यास पर्यावरणवाद्यांनी मागितला नव्हता, खाणवाल्यांनी मागितला होता. सर्वेक्षणाने त्या कामावर ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या साठी ओलांडलेल्या भूशास्त्रज्ञाला पाठवलं.

गिल्बर्टची अडचण तुमच्या-माझ्या अडचणीसारखीच होती. खाणी बंद होऊन वीस वर्षं झाली होती. सगळं घडून गेल्यावर तो तिथे पोहोचला. "आधीचा" नदीतळ कोणी मोजला होता? मुद्दाम असा कोणीच नाही. पण सॅक्रामेंटो आणि मेरिसव्हिलला नदीच्या पाण्याची पातळी नोंदवून ठेवलेली होती, जहाजांसाठी आणि पुरासाठी. गिल्बर्टने त्यातल्या पुराच्या नोंदी बाजूला ठेवल्या आणि प्रत्येक वर्षाची सर्वात कमी पाण्याची पातळी घेतली. विचार साधा आहे. उन्हाळ्यात नदीत जवळजवळ तेवढंच पाणी असतं. तेवढंच पाणी असून पातळी दरवर्षी वर वर जात असेल, तर पाणी वाढलेलं नाही, तळ वर आलेला आहे. सॅक्रामेंटोला ही पातळी साधारण ३ मीटर वर चढून मग उतरायला लागलेली दिसली. गिल्बर्टने तिला लाट म्हटलं: गाळाची एक लांबलचक लाट, जी डोंगरातून निघाली आणि सावकाश खाडीकडे सरकली.

त्याचा अहवाल १९१७ मध्ये आला. खाणींनी नद्यांत टाकलेल्या गाळाचा त्याचा अंदाज पनामा कालव्यासाठी उपसलेल्या मातीच्या जवळजवळ आठपट होता. आणि हे सांगतानाच त्याने हेही नोंदवलं की सगळा गाळ खाणींचा नाही, शेती आणि रस्त्यांचाही त्यात वाटा आहे. खाणवाल्यांनी मागवलेल्या अभ्यासात शेतकऱ्यांचा वाटा लिहिणं सोपं वाटेल, पण त्याच अहवालात त्याने खाणकाम पुन्हा सुरू झालं तर सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरावर काय परिणाम होईल तेही मांडलं. त्याआधी १९१४ मध्ये त्याने बर्कलीला लाकडी चरांमध्ये वाळू आणि पाणी सोडून केलेल्या प्रयोगांचा अहवाल छापला होता. पाणी किती वेगाने किती वाळू नेतं, याचे ते आकडे आजही वापरले जातात.

या गोष्टीला एक शेपूट आहे आणि संशोधनाला निघालेल्यांनी ते वाचायलाच हवं. १९८९ मध्ये ॲलन जेम्स या भूगोलतज्ज्ञाने बेअर नदीत जाऊन दाखवलं की खाणींचा गाळ अजूनही काठावरच्या थरांमध्ये भरपूर पडून आहे आणि तिथून तो नदीत येतच आहे. गिल्बर्टची मोजपट्टी फक्त मुख्य प्रवाहाच्या तळाबद्दल बोलत होती. तळ खाली गेला म्हणजे गाळ गेला असं होत नाही, काठावर साठलेला गाळ त्या मोजपट्टीला दिसतच नाही. नोंद खरी होती. ती कशाची नोंद आहे, हा प्रश्न वेगळा होता. तुमच्या गाईडने कधी "हा डेटा नक्की काय मोजतो?" असं विचारून वैताग आणला असेल, तर तो प्रश्न इथून आला आहे असं समजा.

भुकेलं पाणी

गिल्बर्टच्या नद्यांमध्ये माल जास्त झाला होता. विसाव्या शतकात हिशेब उलटला. काँक्रीट आलं, रस्ते आले, आणि नदीतली वाळू-खडी ही फुकटात धुऊन, चाळून ठेवलेली बांधकामाची सामग्री ठरली. मॅथियस काँडॉल्फ या बर्कलीच्याच प्राध्यापकाने १९९७ मध्ये एक लेख लिहिला, त्याच्या शीर्षकात त्याने "भुकेलं पाणी" असा शब्द वापरला. धरणातून किंवा वाळूच्या खड्ड्यातून पुढे गेलेल्या पाण्याने आपला गाळ मागे टाकलेला असतो. त्याची ताकद मात्र तेवढीच असते. ती ताकद ते पुढच्या तळावर आणि काठांवर खर्च करतं. म्हणून खड्ड्याच्या खालच्या बाजूला नदी खोल जाते. वरच्या बाजूलाही जाते, कारण खड्ड्याच्या तोंडाशी उतार अचानक तीव्र होतो आणि ती पायरी झिजत झिजत मागे सरकते. ठेक्याच्या हद्दीचे दगड एका ठिकाणी असतात आणि परिणाम कित्येकदा दोन-चार किलोमीटर वर दिसतो. पंचनामा करणाऱ्या तलाठ्याला ही पायरी दिसत नाही, कारण तो हद्दीच्या आत बघत असतो.

या काळातला सर्वात वाईट पुरावा पोर्तुगालमधला. ४ मार्च २००१ च्या रात्री डोरू नदीवरचा हिंत्झे रिबेरो पूल एक खांब ढासळून पडला आणि ५९ माणसं गेली. चौकशीत वर्षानुवर्षांच्या वाळू उपशाने खांबाजवळचा तळ खाली गेल्याचं पुढे आलं. इटलीत सुरियन आणि रिनाल्डी यांनी २००३ मध्ये तिथल्या अनेक नद्यांचा आढावा घेतला. तळ ३-४ मीटर खाली जाणं तिथे नेहमीचं होतं आणि काही ठिकाणी तो १० मीटरहून अधिक उतरला होता. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात १९९८ आणि २००८ च्या नदीतळाच्या मोजण्या शेजारी ठेवल्यावर दहा वर्षांत सुमारे २० कोटी घनमीटर माल कमी झालेला दिसला. प्रत्येक ठिकाणी पद्धत गिल्बर्टचीच: जुनी नोंद, नवी नोंद, वजाबाकी.

केरळ: चाळीसपट, पण कशाच्या?

आपल्या देशात हे काम सर्वात नेटाने केरळमध्ये झालं. तिथल्या नद्या आखूड आहेत, घाटातून निघून लगेच समुद्राला मिळणाऱ्या, म्हणजे आपल्या कोकणातल्या नद्यांच्या चुलत बहिणी. घराघरात आड आहे. आखातातून आलेल्या पैशाने सत्तर-ऐंशीच्या दशकांपासून घरबांधणी जोरात सुरू झाली आणि वाळू नदीतूनच आली. २००१ मध्ये राज्याने नदीकाठाचं संरक्षण आणि वाळू काढण्याचं नियमन यासाठी स्वतंत्र कायदा केला. त्यात प्रत्येक वाळूघाटासाठी, तिथल्या भाषेत कडवूसाठी, समिती आणि वाळूचं लेखापरीक्षण अशी तरतूद होती. लेखापरीक्षण हा शब्द मला फार आवडतो. वाळूकडे साठा म्हणून न बघता जमाखर्च म्हणून बघायचं, हे त्या एका शब्दात आलं.

हा जमाखर्च डी. पद्मलाल आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये वेंबनाड सरोवराला मिळणाऱ्या सात नद्यांसाठी मांडला. वाहत्या पात्रातून वर्षाला सुमारे १ कोटी १७ लाख टन वाळू-खडी निघते. मोजणी केंद्रांवरच्या नोंदींवरून काढलेली वाळूची आवक याच्या चाळीसाव्या हिश्श्याएवढी. आणि खालच्या टप्प्यात नदीतळ दोन दशकं वर्षाला ७ ते १५ सेंटिमीटर या वेगाने उतरतो आहे. वर्षाला १० सेंटिमीटर धरलं तरी वीस वर्षांत २ मीटर झाले. तळ समुद्रपातळीच्या खाली गेला की उन्हाळ्यात खारं पाणी नदीतून आत चढतं आणि मग काठच्या आडांना दोन्ही बाजूंनी फटका बसतो: पातळीही जाते आणि गोडवाही.

आता या "चाळीसपट" कडे जरा संशयाने बघू. अपमान म्हणून नव्हे, सवय म्हणून. आपल्याकडच्या मोजणी केंद्रांवर पाण्याचा नमुना घेऊन त्यातला तरंगता गाळ मोजतात. तळावरून घरंगळत, उड्या मारत जाणारी जाडी वाळू त्या बाटलीत पूर्ण येत नाही. म्हणजे भागाकारात खालचा आकडा कच्चा आहे, खरी आवक त्याहून जास्त असणार. किती जास्त? समजा तिप्पट. तरी उपसा आवकेच्या तेरापट उरतो. निष्कर्ष बदलत नाही. चांगल्या अभ्यासाची ही एक खूण मानायला हरकत नाही, की सर्वात कमकुवत आकडा तुम्ही त्याच्याविरुद्ध वाकवलात तरी त्याचं म्हणणं टिकतं. आणि तळ उतरल्याचा पुरावा तर बाटलीवर अवलंबूनच नाही. तो केंद्रीय जल आयोगाच्या केंद्रांवर घेतलेल्या नदीच्या आडव्या छेदांतून आला. हे छेद पूर आणि विसर्ग मोजण्यासाठी घेतले जातात. वाळूचा विचार त्यामागे नव्हता.

मग विहिरीचं काय?

इथपर्यंत आपण नदीतळाबद्दल बोललो. भूजलाचा दुवा वेगळा आहे आणि जास्त अवघड आहे.

महाराष्ट्राच्या बहुतेक भागात खाली काळा दगड आहे. भूजलाचा अंदाज काढायच्या देशपातळीवरच्या पद्धतीत झिजलेल्या बेसॉल्टसाठी स्पेसिफिक यील्ड २ टक्के धरतात आणि वालुकामय गाळासाठी १६ टक्के. म्हणजे १०० लिटर आकारमानाच्या मुरमाड दगडातून आपोआप निथळून २ लिटर पाणी मिळतं, तेवढ्याच वालुकामय गाळातून १६. स्वच्छ जाड वाळू असेल तर २० सहज. दगडाच्या मुलखात नदीपात्रातली वाळू ही एवढ्याचसाठी सोन्यासारखी असते. मे महिन्यात बायका कोरड्या पात्रात झिरा खणून हंडा भरतात ते पाणी या २० टक्क्यांतलं.

एक हिशेब करू, कागद घेऊन बसा. पात्र १ किलोमीटर लांब, १०० मीटर रुंद, वाळूचा थर २ मीटर. वाळू झाली २ लाख घनमीटर. २० टक्के धरले तर तिच्यातलं निथळणारं पाणी ४० हजार घनमीटर, म्हणजे ४ कोटी लिटर. माणशी ५५ लिटर या जलजीवन मिशनच्या मापाने २ हजार वस्तीच्या गावाला रोज १ लाख १० हजार लिटर लागतात. म्हणजे ते पाणी जवळजवळ वर्षभराचं झालं. आता तीच वाळू ब्रासमध्ये मोजा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. साधारण ७० हजार ब्रास. २०२३ मध्ये राज्य सरकारने डेपोतून वाळू विकण्याचा दर ६०० रुपये ब्रास ठरवला होता. त्या दराने सव्वाचार कोटी रुपये. ४ कोटी लिटर, ४ कोटी रुपये. आकडे जुळले हा योगायोग, पण पाणी पावसाळ्यागणिक परत भरतं आणि रुपये एकदाच मिळतात.

यावर वाळूचे ठेकेदार एक मुद्दा मांडतात आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, "वाळू काढली की खड्ड्यात पाणी साठतंच की. उलट जास्त साठतं." खरं आहे. वाळूत २० टक्के जागा होती, खड्ड्यात १०० टक्के. मग नुकसान कुठे?

पहिलं उन्हात. नामिबियातल्या स्वाकोप या कोरड्या नदीत हेलविग नावाच्या संशोधकाने वाळूतून होणारं बाष्पीभवन मोजलं होतं. हे निष्कर्ष १९७३ मध्ये छापून आले. त्यांचा विषय वाळू उपसा नव्हता, वाळूत पाणी साठवणं हा होता. पाण्याची पातळी वाळूच्या पृष्ठभागाखाली साधारण ६० सेंटिमीटर गेली की बाष्पीभवन उघड्या पाण्याच्या एक दशांशावर येतं. वाळू हे झाकण आहे. खड्डा म्हणजे झाकण काढलेलं भांडं. उन्हाळ्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला ७-८ मिलिमीटर धरलं तर साठ दिवसांत जवळजवळ अर्धा मीटर पाणी हवेत जातं. केनियात लोक ओढ्यांवर छोटे बांध घालून मुद्दाम वाळू अडवतात ती याच कारणासाठी.

दुसरं नुकसान काठात, आणि ते मोठं. पावसाळ्यानंतर आपल्या बहुतेक नद्या काठच्या भूजलाचा निचरा करत असतात. पाणी जमिनीतून नदीकडे उतरतं. नदीचा तळ ही त्या उताराची शेवटची पायरी. ती पायरी २ मीटर खाली नेली की उतार वाढतो, काठातलं पाणी लवकर आणि जास्त निथळतं, आणि जी विहीर एप्रिलपर्यंत चालायची ती फेब्रुवारीत खडखडते. खड्ड्यात दिसणारं ते "जास्तीचं" पाणी कित्येकदा विहिरीचंच असतं. तिसरी गोष्ट सूक्ष्म गाळाची. पोकलेनने तळ ढवळला, वाळू धुतली की बारीक चिखल खाली बसतो आणि तळाची छिद्रं बुजतात. मग पुराचं पाणी डोक्यावरून वाहून जातं आणि खाली मुरत नाही.

हे सगळं तर्काने पक्कं आहे. पण तुमच्या गावातल्या तुमच्या विहिरीसाठी ते दाखवायचं तर पुन्हा वकिलाच्या प्रश्नांपाशी यावं लागतं. सी. व्ही. थाइस या अमेरिकी भूजलतज्ज्ञाने १९४० मध्येच मांडून ठेवलं आहे की विहिरीतून काढलेलं पाणी कुठून तरी वजा होतंच: साठा घटतो, नाहीतर नदीकडे जाणारा निचरा घटतो, नाहीतर पुनर्भरण वाढतं. म्हणजे विहिरीची पातळी हा अनेक खात्यांचा एकत्रित शिल्लक आकडा आहे. त्यात बोअर आहेत, पाऊस आहे, पिकं आहेत. आणि धरणंही. गोदावरीवर पैठणला जायकवाडी १९७६ मध्ये सुरू झालं. केरळात पेरियारवरचा इडुक्की प्रकल्पही १९७६ चाच. दोन्हीकडे वरून येणारी वाळू धरणात अडली आणि थोड्याच वर्षांत खाली उपसा वाढला. पैठणच्या खालच्या गोदावरीचा तळ उतरलेला तुम्हाला दिसला तर त्यात धरणाचा वाटा किती आणि हायवा ट्रकचा किती? उपसा धरणानंतर आला, म्हणून धरण निर्दोष ठरत नाही आणि उपसाही सुटत नाही.

आधीची नोंद नसेल तर एक पर्यायी वाट आहे. कर्नाटकात उत्तर पिनाकिनीच्या खोऱ्यात कृषी अर्थतज्ज्ञ एम. जी. चंद्रकांत आणि सहकाऱ्यांनी उपसा होणारा भाग आणि न होणारा भाग शेजारी ठेवून विहिरी किती आटल्या, पाण्याचा खर्च किती वाढला याची तुलना केली. काळातला फरक मिळत नाही म्हणून जागेतला फरक घ्यायचा. ही पद्धत उपयोगी आहे आणि पीएचडीच्या तीन-चार वर्षांत बसते. पण माझं मत विचाराल तर ती एकटी पुरेशी नाही. वाळू जिथे जास्त तिथेच ठेका जातो, आणि जिथे वाळू जास्त तिथल्या विहिरी मुळातच वेगळ्या असतात. तुमची तुलनेची गावं आधीपासून सारखी होती हे दाखवायला परत जुनी नोंदच लागते.

"गौण" खनिज

कायद्याचा इतिहास थोडक्यात. १९५७ च्या खाण आणि खनिज कायद्यात साधी वाळू गौण खनिजांत बसली आणि तिचे नियम करायचा अधिकार राज्यांना मिळाला. गौण या शब्दाने किती दशकं नुकसान केलं असेल, कोण जाणे. लहान ठेक्यांना पर्यावरण मंजुरी लागत नसे, म्हणून मोठे पट्टे पाच-पाच हेक्टरांच्या आत तोडून दिले जात. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती पळवाट बंद केली. २०१६ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या: खोदाई ३ मीटर किंवा भूजलपातळी, यात जे कमी असेल तिथपर्यंतच. २०२० च्या सूचनांनी पुनर्भरण अभ्यासावर भर दिला, म्हणजे पावसाळ्याआधी आणि नंतर पात्र मोजून किती वाळू परत आली ते बघायचं. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असा अभ्यास नसेल तर वाळू उपशाला मंजुरी देता येणार नाही. गिल्बर्टची वजाबाकी आता मंजुरीची अट झाली.

यातून तुमच्यासारख्यांना कामं मिळतील हे उघड आहे. पण पुनर्भरण अभ्यास एका पावसाळ्याचा असतो. एका मोठ्या पुरात पात्र भरलेलं दिसू शकतं आणि ती वाळू वरच्या टप्प्यातल्या काठांच्या ढासळण्यातून आलेली असू शकते. बेअर नदीच्या जेम्सने नेमकं हेच सांगितलं होतं: वाळू कुठून आली ते विचारा. मी ज्या ओढ्यावर काम करतो तिथेही पुरानंतर पात्र भरलेलं दिसतं आणि त्याच्या वरच्या वळणावर एका शेताचा बांध गेलेला असतो.

महाराष्ट्रात आपल्याकडे नोंदी नाहीत असं म्हणायची पद्धत आहे. तेवढी परिस्थिती वाईट नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून आहे. तिच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेतात: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. या विहिरी पाणलोटाचं प्रतिनिधित्व करतात, नदीकाठाचं नव्हे, तेव्हा तुमच्या टप्प्याजवळची विहीर कोणती आणि ती नदीपासून किती लांब, हे आधी नकाशावर बघा. केंद्रीय जल आयोगाच्या केंद्रांवर रोजची पातळी आणि विसर्ग मिळतो. ठराविक एका विसर्गाला प्रत्येक वर्षी पातळी किती होती, एवढं काढलं की गिल्बर्टचा आलेख तयार. लोकांच्या आठवणीही घ्या, पण वर्ष विचारू नका, खूण विचारा. ७२ च्या दुष्काळात या विहिरीला किती परस पाणी होतं, हे जुनी माणसं हाताने दाखवतात. परस म्हणजे पुरुषभर उंची, तेव्हा विहिरीच्या कड्याच्या बांधकामावर टेप लावून ती मीटरमध्ये आणता येते.

आणि पूल. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या पुलांच्या मूळ आराखड्यांवर बांधकामाच्या वेळची नदीतळाची पातळी लिहिलेली असते. आज त्याच खांबाजवळ लेव्हल लावली की मधल्या वर्षांचा फरक एका दुपारी मिळतो. फक्त दोन गोष्टी तपासा: आराखड्यातला संदर्भबिंदू तुमच्या लेव्हलच्या संदर्भबिंदूशी जुळतो का, आणि खांबाभोवतीची स्थानिक खणण धरली जात नाही ना. त्यासाठी पुलाच्या वर आणि खाली शंभर-दोनशे मीटरवरही वाचन घ्या. अर्ज विभागीय कार्यालयात करायचा. त्यात पुलाचं नाव, रस्त्याचा क्रमांक आणि बांधकामाचं अंदाजे वर्ष लिहा, नुसतं "गोदावरीवरचा जुना पूल" लिहिलंत तर फाईल सापडायला महिने जातात.